हातातलं काम आणि डोळ्यांवरचा चष्मा

(मालवण येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर बोलणं झालं, साहित्यावर झालं, आंबा-काजूवर झालं. यंदा आयोजकांनी चष्मेवाल्याला बोलावलं याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या कामाबद्दल चारचौघांत बोलायची वेळ फार क्वचित येते, आणि बोलण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

आधी कोण काय करतं ते सांगतो, कारण इथे गल्लत होते. डोळ्यांचे डॉक्टर आजार ओळखतात, औषध देतात, मोतीबिंदू काढतात. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासून नंबर काढतात. पुढचं काम डिस्पेन्सिंग ऑप्टिशियनचं. कागदावरच्या नंबराला साजेशी काच आणि फ्रेम निवडायची, डोळ्यांची मापं घ्यायची, काच नेमक्या जागी बसवून घ्यायची आणि चष्मा त्या माणसाच्या नाकाकानांवर नीट बसेपर्यंत त्याला सोडायचं नाही. लोक या सगळ्यांना मिळून ‘चष्मेवाले’ म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पण कागदावरचा नंबर अगदी बरोबर असूनही चष्मा चुकीचा असू शकतो, ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर अजून नीट समजलेली नाही. तीच आज मांडायची आहे.

चष्म्याचा इतिहासही हेच सांगतो. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२८६ च्या सुमारास, पहिले चष्मे झाले. ते जवळचं वाचण्यासाठी होते; म्हातारपणी पोथी दिसेना म्हणून. पण त्यांना कानावर टेकणाऱ्या दांड्या आल्या अठराव्या शतकात. लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट या चष्मेवाल्याने १७३० च्या आसपास त्या लावल्या असं मानतात. म्हणजे चारशेहून अधिक वर्षं माणसं चष्मा हाताने धरत होती नाहीतर नाकावर चिमटवत होती. काच कधीच सापडली होती, ती चेहऱ्यावर टिकवायची कशी हे सापडायला चार शतकं लागली.

भारतातल्या चष्म्यांच्या इतिहासाचा शोध घेणारा माणूस आपल्याच कोकणातला, ही अभिमानाची गोष्ट आहे. देवरुखात १८९१ साली जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर होते. हस्तलिखितांच्या त्या ढिगातून त्यांनी १५०० ते १८०० या काळातले चष्म्याचे उल्लेख वेचले. विजयनगरच्या काळातले व्यासतीर्थ १५२० च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचत होते, हा उल्लेख सोमनाथ कवीने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आहे आणि तो गोड्यांनी अभ्यासकांपुढे आणला. इतक्या बारीक गोष्टीमागे आयुष्याचे दिवस घालणारा हा संशोधक आपल्या शाळांतून शिकवला जायला हवा, असं मला वाटतं.

आता मुद्द्यावर येतो.

चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं. जवळचं पाहताना त्याने फुगायला हवं, ते फुगत नाही. हा बदल म्हणजे रोग नाही आणि तो कुणालाच चुकत नाही. माझ्याकडे येणारी बायकामाणसं ते दोन वाक्यांत सांगतात: “माका लांबचा सगळा दिसता. पन सुयेत दोरो जाना नाय.” मग चाळशी लागते. डॉक्टर कागदावर लिहून देतात, समजा +२.५०. आता या आकड्याचा अर्थ काय? एकाला त्या आकड्याने भागा, म्हणजे मीटरमध्ये अंतर मिळतं. +२.५० म्हणजे ४० सेंटिमीटर. +३.०० म्हणजे ३३. +२.०० म्हणजे ५०, आणि +१.५० म्हणजे साधारण ६७. ज्याला लांबचा नंबर नाही आणि वयामुळे डोळ्याची स्वतःची ताकद संपत आली आहे, त्याला त्या त्या चष्म्यातून त्या त्या अंतरावरचं स्वच्छ दिसतं. त्यापलीकडचं धूसर होत जातं.

नंबर तपासताना हातात वाचायचा तक्ता देतात. तो ३३ ते ४० सेंटिमीटरवर धरतात, कारण पुस्तक आणि वर्तमानपत्र माणूस तिथे धरतो. पण आपल्या किनाऱ्यावर चाळिशी ओलांडलेली किती माणसं दिवसभर पुस्तक धरून बसतात? मालवणच्या दांडी किनाऱ्यावर जाळं शिवायला बसलेला माणूस बघा. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं असतं, सुई हातात असते, आणि डोळ्यापासून गाठीपर्यंतचं अंतर पन्नास-साठ सेंटिमीटर असतं. नायलॉनचा धागा बारीक, बऱ्याचदा पारदर्शक. जाळ्याची आस, म्हणजे भोकं, लहान. एखादी गाठ चुकली तर तिथून मासळी जाते. या माणसाला बाजारातून आणलेला +३.०० चा तयार चष्मा दिला, की त्याला गाठ दिसण्यासाठी ३३ सेंटिमीटरपर्यंत वाकावं लागतं. संध्याकाळी मान धरते, कंबर धरते. तो म्हणतो, “चष्मो माका मानवना नाय,” आणि तो चष्मा पेटीत जातो. पुढे तो जाळं शिवायला मुलाला नाहीतर शेजाऱ्याला देतो. एक कसलेला हात कामातून जातो आणि दोष वयाला दिला जातो. त्या माणसाला +१.७५ किंवा +२.०० लागत होता, इतकंच.

म्हणून माझ्या टेबलावर वाचायच्या तक्त्याशेजारी जाळ्याचा तुकडा असतो, सुईदोरा असतो, सालासकट काजूगर असतात, आणि शिंप्याची मापाची टेप असते. मी विचारतो, “काकानू, काम करताना हात खय असता? दाखवा बघूया.” माणूस हात पुढे धरतो आणि मी टेपने अंतर मोजतो. हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सावंतवाडीत गंजिफाची पानं रंगवणारा चितारी कुंचला पंचवीस-तीस सेंटिमीटरवर धरतो. सोनाराचंही तेच. काजूच्या कारखान्यात टेबलाशी बसून गर निवडणारी बाई त्याहून लांब बघते. होडीवरचा तांडेल हातभर अंतरावरचा जीपीएसचा पडदा बघतो आणि पुढच्याच क्षणी क्षितिज. एकाच वयाच्या या चौघांना डोळ्याच्या तक्त्यावर एकच नंबर निघेल, पण चष्मे वेगवेगळे लागतील. कागदावरचा नंबर मी आपल्या मनाने बदलत नाही. डॉक्टरांना फोन लावतो, अंतर सांगतो, त्यांच्या सल्ल्याने कामापुरता वेगळा चष्मा करतो. बहुतेक डॉक्टर हे आनंदाने ऐकतात, कारण हातातलं काम त्यांच्या खोलीत आलेलं नसतं.

चष्म्याने काम वाढतं का, हे आसामच्या चहामळ्यात मोजून पाहिलं गेलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या, जवळचं दिसत नसलेल्या ७५१ मळेकामगारांपैकी निम्म्यांना लगेच साधा जवळचा चष्मा दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची गती दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ २२ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये हा अभ्यास छापून आला. पानं खुडणं हेही डोळ्याचं काम आहे. पुढे बांगलादेशात वेगवेगळी हातकामं करणाऱ्यांवर असाच अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे महिन्याची कमाई सुमारे एक तृतीयांशाने वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे साध्या जवळच्या चष्म्यावाचून राहिलेली माणसं जगात ८२ कोटींहून अधिक आहेत. त्यातली काही आपल्या वाडीत आहेत, आपल्या घरात आहेत.

अंतराखालोखाल येतं ते बुबुळांमधलं माप. आम्ही त्याला पीडी म्हणतो. मोठ्या माणसात ते साधारण ५८ ते ६८ मिलिमीटरच्या दरम्यान असतं, जवळ बघताना डोळे आत वळतात म्हणून तीन-चार मिलिमीटरने कमी होतं. काचेचा मध्य बुबुळासमोर आला पाहिजे. तो सरकला की काच लोलकासारखी वागते आणि प्रतिमा बाजूला ढकलते. किती, याचा नियम सोपा आहे: मध्य सरकल्याचं सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले नंबर. रस्त्यावर मिळणारा तयार +३.०० चा चष्मा घ्या. त्याचे मध्य ६४ मिलिमीटरवर आहेत असं समजा, आणि लावणाऱ्या बाईचं जवळचं माप ५८ आहे. प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर, म्हणजे ०.३ गुणिले ३, जवळजवळ एक प्रिझम डायोप्टर (प्रतिमा ढकलली जाण्याचं हे एकक). दोन्ही डोळ्यांचे मिळून दोनाच्या जवळ. अक्षर तर दिसतं, पण डोळ्यांना सतत जास्त आत वळत राहावं लागतं आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकतं. तीच चूक उणे सहाच्या काचेत झाली तर त्रास दुपटीने वाढतो. आपल्या प्रत्येकाच्या चष्म्याच्या कागदावर पीडीचा आकडा लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. त्या काचेला दिशा असते, तिला ॲक्सिस म्हणतात. ती दिशा दहा अंशांनी फिरली तर नंबराचा एक तृतीयांश भाग वाया जातो. तीस अंशांनी फिरली तर जेवढा दोष घालवायचा होता तेवढाच नवा उभा राहतो. गोल फ्रेमचा स्क्रू ढिला झाला की पुसतापुसता काच आतल्या आत फिरते आणि कळतसुद्धा नाही. माणूस डॉक्टरांकडे जाऊन नंबर वाढला म्हणून सांगतो. आधी चष्मा लेन्सोमीटर या काच तपासायच्या यंत्राखाली धरायला हवा.

आणि घाम. दमट हवेत चष्मा नाकावरून घसरतो, हे आपण सगळेच जाणतो. कमी नंबराला त्याने फारसं बिघडत नाही. पण उणे दहाची काच पाच मिलिमीटर पुढे सरकली तर तिची ताकद सुमारे अर्ध्या नंबराने कमी होते. अशा मुलाला वर्गात फळा नीट दिसत नाही आणि बाई म्हणतात लक्ष नाही. त्याला नवा नंबर नको असतो, नाकाचं पॅड बदलून हवं असतं, दांडी कानामागे योग्य जागी वाकवून हवी असते. फ्रेम वॉर्मरवर दांडी गरम करून कानामागच्या हाडाच्या वळणाने वाकवणं हे हातात मुरायला वर्षं लागतात. दोन्ही कान एका उंचीवर असलेली माणसं कमीच. चष्मा तिरका बसला तर कान तिरके आहेत असं म्हणून चालत नाही, दांडी त्याप्रमाणे बसवायची.

मोतीबिंदूबद्दल थोडक्यात. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, पण ते आपल्या गावागावांत पोचायला काही दशकं गेली. तोवर ऑपरेशननंतर +१०, +१२ चे जाड चष्मे मिळत. त्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसे आणि बाजूचा एक पट्टा दिसतच नसे. त्या पिढीतल्या आजी उंबऱ्यावर का अडखळत, ताटलीच्या अलीकडेच हात का टेकवत, हे घरच्यांना कधी उमगलं नाही. आज भिंग आत बसतं. तरी बहुतेकांना ऑपरेशननंतर जवळचा चष्मा लागतोच, आणि शिबिरातून घरी आल्यावर तो करून घ्यायचा राहून जातो. नातवंडांनो, हे तुमचं काम आहे.

आता आपल्या समुद्राबद्दल. इथे चष्म्याचा मोठा शत्रू खारा वारा आहे. किनाऱ्यावर दिवस काढलेल्या चष्म्यावर मिठाचे बारीक कण सुकून बसलेले असतात. माणूस घरी येतो, टॉवेलने नाहीतर पदराने खसखसून पुसतो, आणि ते कण काच खरवडतात. सहा महिन्यांत काचेवरचा थर जातो, दिव्याभोवती वलय दिसायला लागतं. उपाय फुकटचा आहे: आधी गोड्या पाण्याखाली धरा, मग मऊ सुती कापडाने टिपा. स्वस्त धातूची फ्रेम खाऱ्या हवेत हिरवी पडते, स्क्रू गंजून बिजागरीत अडकतो. मासेमारी करणाऱ्याला मी शक्यतो नायलॉनची नाहीतर स्टेनलेस स्टीलची फ्रेम देतो, आणि काच पॉलिकार्बोनेटची, कारण गळ उडून लागला तर ती सहसा फुटत नाही. चष्म्याला दोरी लावायला लाजू नये. समुद्रात पडलेला चष्मा परत मिळत नाही.

पाण्यावरची चमक ही आडवी ध्रुवित असते, म्हणून पोलराइज्ड काच ती कापते आणि पाण्याखालचं दिसायला लागतं. पण त्याच काचेतून जीपीएसचा पडदा मान तिरकी केली की काळा पडू शकतो. चष्मा देताना तांडेलला हे दाखवून द्यावं लागतं, नाहीतर भर समुद्रात त्याला वाटतं यंत्र बंद पडलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं उन्हात आणि वाऱ्यात काम केलेल्यांच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पडदा बुबुळाकडे सरकताना दिसतो. त्यामागे अतिनील किरणांचा मोठा हात आहे. काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच आहे का, हे यंत्रावर तपासून मागा. रुंद काठाची टोपीही पुष्कळ काम करते.

बायफोकलबद्दल माझं मत ठाम आहे. खालच्या भागात जवळचा नंबर असलेला चष्मा घालून होडीतून जेटीवर पाय टाकू नये आणि माडावर चढू नये. खाली बघताना नजर त्या भागातून जाते आणि पायाखालची पायरी धूसर होते. अशा माणसाला दोन वेगळे चष्मे द्यावेत, जरी तो एकच मागत असला तरी. लांबपासून जवळपर्यंत नंबर हळूहळू बदलत जाणारी प्रोग्रेसिव्ह काच उत्तम, पण तिची उंची प्रत्यक्ष चेहऱ्यावर फ्रेम बसवून, बुबुळासमोर खूण करून घ्यावी लागते. मोबाईलवरून मागवलेला साधा, कमी नंबराचा चष्मा बहुधा चालून जातो. मोठा नंबर, सिलिंडर, प्रोग्रेसिव्ह, लहान मूल, यांना समोर बसवूनच चष्मा द्यायला हवा. ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालील मुलाचा चष्मा नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीशिवाय विकता येत नाही, आणि आमच्या पेशाचीही तिथे कायद्याने नोंदणी होते. आपल्याकडे हे काम बहुतेक मुलं दुकानात उभं राहूनच शिकतात. दहावी-बारावी झालेल्या इथल्या मुला-मुलींनी ते रीतसर शिकावं. मुंबईला न जाता आपल्या माणसांच्या उपयोगी पडणारा हा पेशा आहे.

चतुर्थीला चाकरमानी येतात तेव्हा आई-वडिलांसाठी प्रेमाने चष्मा घेऊन येतात, आईने फोनवर सांगितलेल्या नंबरावरून. प्रेम खरं असतं, पण चेहरा मुंबईत नसतो. त्याऐवजी त्या आठवड्यात अर्धा दिवस काढा आणि आईला घेऊन तपासायला जा. २०२५ च्या सप्टेंबरपासून चष्म्याच्या काचा आणि फ्रेमवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. साधी चाळशी घेणं आता कुठल्याही घराच्या आवाक्यात आहे.

शेवटी एक मागणी करतो. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि किनाऱ्यावर, पडवीत, शेडमध्ये सगळीकडे जाळी शिवली जातात. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी त्या दोन महिन्यांत प्रत्येक वाडीत एक दिवस चाळिशी ओलांडलेल्यांच्या जवळच्या दृष्टीची तपासणी ठेवावी. जिल्हा रुग्णालयाचे नेत्र विभागाचे लोक आणि तालुक्यातले डॉक्टर यांना मी स्वतः विनंती करीन. मापाची टेप आणि पट्टी घेऊन मी येईन, मजुरी घेणार नाही. येणाऱ्याने फक्त एक करावं: ज्या जाळ्यावर काम चाललं आहे ते सोबत आणावं.